वाचकांचे प्रश्न : जॅझची मैफल आणि समोरचे ताट

प्रश्न : आमच्या घरात शास्त्रीय संगीताची आवड जुनी आहे. पुढील महिन्यात आमच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस असून त्यानिमित्त जावईबापूंनी धरमपेठेतील एका लहानशा रेस्टॉरंटमध्ये जेवणासह जॅझच्या कार्यक्रमाची जागा राखून ठेवली आहे. कलावंत समोर वाजवत असताना आपण जेवत बसायचे, हे माझ्या पत्नीला पटत नाही. शिवाय नेमके काय ऐकायचे आणि टाळ्या केव्हा वाजवायच्या, याचीही आम्हाला कल्पना नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : आपल्या पत्नीची शंका संगीताविषयीच्या आदरातून आलेली आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. नृत्यगृहे, हॉटेले आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे छोटे क्लब अशा खाण्यापिण्याच्या जागांमध्येच जॅझ वाढले. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे वादन ध्वनिमुद्रित झाले. अत्यंत तरल वादन म्हणून ते आजही आवर्जून ऐकले जाते आणि त्यात पेल्यांची किणकिण व श्रोत्यांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. त्या दिवशी डबल बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) वाजवणारे तरुण स्कॉट लाफारो पुढील दोन आठवड्यांच्या आतच मोटार अपघातात गेले, त्यामुळे या त्रयीचे ते अखेरचे ध्वनिमुद्रण ठरले. तेव्हा जेवणाने कलावंताचा अवमान होत नाही, याविषयी आपण निश्चिंत असावे.

माझा आक्षेप आहे तो बोलण्याला. बासवादकाची एकट्याने वाजवण्याची पाळी आली की पियानो जवळजवळ थांबतो, ड्रमवादक काठ्या बाजूला ठेवून आवाज अगदी खाली आणतो, आणि नेमक्या त्याच वेळी रचना संपली असे समजून टेबलाटेबलांवर गप्पा सुरू होतात. संध्याकाळभर सर्वांचा भार खालून पेलणारे हे वाद्य तेवढ्याच वेळापुरते पुढे येते आणि त्याचे खर्जातील स्वर मुळात मंद असतात, म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत चमचाही खाली ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता काय ऐकायचे ते पाहू. जुन्या लोकप्रिय रचनांपैकी पुष्कळशा ३२ बारच्या असतात; बार म्हणजे मात्रांचा एक गट, आणि एका बारमध्ये सहसा चार मात्रा येतात, म्हणजे १२८ मात्रांचे एक आवर्तन झाले. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यम लयीत ते एका मिनिटाहून किंचित अधिक चालते. त्याचे आठ-आठ बारचे चार भाग पडतात. बहुधा पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे असतात, तर तिसरा निराळा असतो आणि त्याला ब्रिज म्हणतात. सुरुवातीला मूळ चाल वाजवली जाते, मग चाल बाजूला राहते, पण तिच्याखालची स्वरसंगतींची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, म्हणजे कॉर्डची) मालिका तशीच फिरत राहते आणि तिच्या आधारे एकेक वादक आयत्या वेळी सुचेल ते मांडत जातो. शेवटी मूळ चाल परत येते. आपल्या कानांना एकाच षड्जाभोवती फिरणाऱ्या विस्ताराची सवय आहे; येथे पायाखालची संगती दर एक-दोन बारला बदलते, म्हणून नवख्या श्रोत्याला वादक भरकटल्यासारखा वाटतो. त्यावर एकच उपाय मी सांगेन : सुरुवातीची चाल मनात घट्ट धरावी आणि सॅक्सोफोन कितीही दूर गेला तरी ती मनातल्या मनात गुणगुणत राहावी. ब्रिज आला की संगती बदललेली जाणवते, आपली जागा सापडते आणि वादकाने कोणत्या वळणावर काय केले, हे उलगडू लागते. ताल धरायचा झाल्यास ड्रमवादकाच्या डाव्या पायाकडे पाहावे. हाय-हॅट नावाची झांजांची जोडी तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो. समेवर हात टाकणाऱ्यांना हे सुरुवातीला जड जाते. शेवटाकडे वादक आणि ड्रमवादक चार-चार बार आलटूनपालटून वाजवू लागतात, तो सवाल-जवाब आपण सहज ओळखाल.

टाळ्या प्रत्येक वादकाची पाळी संपताच वाजवाव्यात. मात्र पुढच्याने सुरुवात केलेली असते, म्हणून त्या आवरत्या घ्याव्यात. साधारण पाऊण तासाचा एक सेट, म्हणजे सलग वादनाचा एक भाग असतो, त्यामुळे पदार्थ आधीच सांगून ठेवावेत आणि मुख्य जेवण मध्यंतरात घ्यावे. शक्य असल्यास ड्रमजवळचे टेबल मागून घ्यावे. संथ रचनेत ड्रमवादक तारांचे ब्रश स्नेअर या समोरच्या लहान ड्रमच्या पृष्ठभागावर गोल गोल फिरवतो, त्यातून निघणारी सळसळ मोठ्या सभागृहात मायक्रोफोन असूनही पुरती पोहोचत नाही. लहान खोलीत ती थेट कानावर येते आणि अशा ठिकाणी जाण्याचे माझ्या मते तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

प्रश्न : जॅझचा आणि आपला काय संबंध, असे घरातील ज्येष्ठ विचारतात. काय सांगावे?
— एक वाचिका, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. तेथील जॅझ पुढे गोव्याच्या वादकांनी आत्मसात केले आणि तेच वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही आले. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक होते. सी. रामचंद्र यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे धडे घेतले होते आणि वसंतराव देशपांडे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. घरातील ज्येष्ठांना सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील गाणी पुन्हा ऐकवावीत आणि या वेळी शब्दांऐवजी मागील ट्रम्पेटकडे लक्ष देण्यास सांगावे.