लग्नानंतरचा पहिला नाताळ? एवढंच करा
ताई, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला काय काय करायचं, असं विचारलंत ना? इतकं दडपण घेऊ नका. बावीस वर्षं ठाण्यात नाताळाचं गोडधोड घरी करतेय. नवख्यांची हमखास चूक म्हणजे सगळे पदार्थ करायला घेणं, तेही २३-२४ तारखेला.

यंदा फक्त कलकल हा तळलेला गोड पदार्थ करा. मैदा, अंडं, साखर, नारळाचं दूध. पीठ मळून काट्याच्या पाठीवर वळायचं आणि तळायचं. एकटीनं मात्र नाही! सासूबाई, शेजारच्या काकू, मुलं, सगळ्यांना बसवा. वाकडेतिकडे होतील, होऊ द्या. माझा नाताळ त्याच दुपारी सुरू होतो.

आणखी दोनच गोष्टी:
- २४ला दुपारी झोपा, म्हणजे रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मन लागेल.
- सगळ्या भेटी २५लाच नकोत. ६ जानेवारीला तीन राजांचा (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या) सण, तोवर निवांत जा.

केक पुढच्या वर्षी शिकवते.