पाच वर्षांनी पुन्हा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आहे

तुम्ही विचारलंय : पाच वर्षं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलो नाही, येत्या रविवारी भाचीचं पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे ती पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घेणार आहे, तासभर उपाशी राहून मीही रांगेत उभा राहिलो तर चालेल का?

उपवासाचं सोपं आहे. तास मोजायचा तो मिस्सा सुरू होण्यापासून नाही, ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वेळेपासून मागे. पाणी आणि औषध चालतं, चहा नाही. आजारी, वयस्कर माणसांना सूट आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नसत. १९६४ मध्ये नियम एका तासावर आला, तरी आजी शेवटपर्यंत मिस्साहून घरी आल्यावरच चहाचं आधण ठेवायची.

पण तुमच्या बाबतीत नुसता उपवास पुरणार नाही. सबळ कारण नसताना रविवारची मिस्सा चुकवणं हे कॅथलिक चर्च गंभीर पाप मानतं, आणि तसं असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. संत पौलानेही करिंथकरांना हेच बजावलं : आधी स्वतःला पारखा, मग ती भाकर खा.

घाबरू नका. मी स्वतः सात वर्षांनी गेले होते. सगळं कागदावर लिहून नेलं, तो हातातल्या घामाने भिजला, आणि पश्चात्तापाची प्रार्थना मी अर्ध्यातच विसरले. इतकी वर्षं कुठे होतीस, असं विचारतील याची धास्ती होती. जाळीपलीकडून फादर एवढंच म्हणाले, "असू दे, माझ्यामागून म्हण." मला रडू आवरेना.

शनिवारी संध्याकाळी जा, रविवारी त्या गर्दीत फादरांना सवड नसते. किती वर्षांनी आलात ते पहिल्याच वाक्यात सांगा. तुमचं लग्न फक्त कोर्टात झालं असेल तर तेही सांगा, त्याचा मार्ग वेगळा असतो.

शनिवारी जमलंच नाही तर रविवारी बाकावरच बसा आणि मनातून प्रभूला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

जमलं तर, हातावर घेणार असाल तेव्हा डावा तळहात वर, उजवा त्याखाली. "ख्रिस्ताचं शरीर" म्हटल्यावर स्पष्ट "आमेन" म्हणा, तिथेच मुखात घ्या, आणि वळण्याआधी तळहाताकडे नीट बघा. बारीकसा कण राहिला असेल तर तोही टिपून घ्या.