नकाशात भारी काळी, खोदलं तर मुरूम: खरं कोणाचं?

गेल्या पंधरवड्यात तीन प्रश्न आले, आणि तिन्ही नकाशाचेच. वाशीमकडच्या एका शेतकऱ्याने विचारलंय, "विद्यापीठाच्या पोरांनी गावाचा माती-पाण्याचा नकाशा केला. त्यात माझा गट भारी काळीत दाखवलाय, पण वीतभर खाली मुरूम लागतो. खरं कोणाचं?" दुसऱ्याचं म्हणणं, "पाण्याच्या ताळेबंदात गावात पाणी शिल्लक दिसतंय, मग ऊस लावू का?" आणि हिंगोलीच्या एका ताईंना काळजी, की मोबाईल घेऊन आलेल्या मुलांनी बांधाची नोंद केली तर सातबाऱ्याला धक्का लागेल का.

ताई, तुमचं आधी. सातबारा अशा नोंदीने बदलत नाही. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याची, ती अर्ज आणि फी भरून होते. शिवाय मोबाईलचा जीपीएस मोकळ्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली त्याहून जास्त. तेवढ्यावर बांध कोण ठरवणार? विहीर कुठे आहे, नाला कुठून वाहतो, कोणत्या तुकड्यात कोणतं पीक आहे, एवढ्यासाठी तो पुरतो. मुलांकडे संस्थेचं पत्र मागा, ग्रामपंचायतीत नोंद करायला सांगा. विहिरीची खोली सांगायला हरकत नाही. आधार, बँक खातं, ओटीपी मागितला तर मात्र चहा पाजून परत पाठवा.

आता वाशीमचा प्रश्न. हे नकाशे होतात कसे, ते कळलं की भांडण मिटतं. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्याच्या गावांच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत मुंबईच्या आयआयटीने बसवून दिली. तिथला 'सितारा' विभाग ग्रामीण तंत्रज्ञानावर १९८५ पासून काम करतो, आणि त्याचे विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहून अभ्यास करतात. इतर संस्थांची पद्धतही साधारण अशीच असते. संगणकात एकावर एक थर ठेवायचे: मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, जमिनीचा वापर, पीक, आणि वर महसूल मंडळातल्या केंद्राचा पाऊस. मग दर तुकड्यावर किती पाणी वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती पिकाने प्यायलं, किती खाली मुरलं, याचा हिशेब निघतो.

हिशेब चोख असतो, पण मातीचा थर जाड रेघेचा असतो. असे नकाशे बहुधा १:५०,००० मापाचे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे रानातले ५०० मीटर. तुमचा एक एकर त्यावर जेमतेम सव्वा मिलिमीटरचा चौकोन, मोहरीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यात टेकाडाचा मुरूम वेगळा आणि खालची काळी वेगळी दाखवायची कशी? आजूबाजूला बहुतेक काळी असली की रंग काळीचा पडतो. नकाशा गावाच्या पाणलोटासाठी काढलाय, तुमच्या गटासाठी नाही. तेव्हा गटापुरतं खरं तुमच्या खड्ड्याचं.

आणि हा फरक थोडाथोडका नाही. भारी काळी माती मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. तुमच्या वीतभर मातीत ते ४० मिलिमीटरच्या आसपास. फुलोऱ्यात, शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला पाचेक मिलिमीटर ओढतं. म्हणजे आठवडाभर उघडीप पडली की तुमचं पीक दुपारी माना टाकतं, आणि नकाशा तिकडे अजून दोन-तीन आठवडे पुरेल असं सांगत असतो. अशा तुकड्यात संरक्षित पाण्याची, म्हणजे उघडीपीत पीक वाचवायला एखादं पाणी देण्याची, सोय नसेल तर लवकर येणारा वाण घ्या. सरी-वरंब्यावर किंवा रुंद वरंबा-सरीवर पेरा, उताराला आडवं.

खड्डा मात्र नीट घ्या. उताराच्या माथ्याला एक, मधे एक, पायथ्याला एक. दोन फूट लांब-रुंद, खोल तीन फूट किंवा मुरूम लागेपर्यंत. गेल्या वर्षी एका शिवारफेरीत आम्ही असाच टिकाव मारला. माथ्याला अकरा इंचांवर खणकन आवाज आला, आणि तिथून दीडशे पावलांवर नाल्याकाठी साडेतीन फुटांपर्यंत नुसता काळा लोण्याचा गोळा. नकाशात दोन्ही एकाच रंगात! शेजारचे आजोबा हसून म्हणाले, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून खड्ड्यात टेप धरून फोटो काढा, मागे गट नंबर लिहिलेली पाटी ठेवा, आणि मुलांना द्या. त्यांना हेच हवं असतं. चार-सहा जणांनी दिलं तर गावाचा थर दुरुस्त होतो.

ऊसवाल्या दादांना सरळ सांगतो, नका लावू. ताळेबंदातलं 'शिल्लक' हे बरेचदा जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याने निघून जाणारं पाणी असतं. ते अडवता आलं तर तुमचं. फेब्रुवारीत ते तुमच्या विहिरीत उभं असेल असा त्याचा अर्थ नाही. शिवाय आकडा साऱ्या गावाचा आहे, वरच्या वाडीने बंधारा घातला की तोही हलतो. त्यापेक्षा शेततळ्याचा हिशेब करा. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल तळ्यात सुमारे दोन टीसीएम, म्हणजे २० लाख लिटर पाणी मावतं. एकरी ५० मिलिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर. उडून आणि झिरपून जाणारं वजा केलं तर तीन एकर हरभऱ्याला दोन पाणी बिनघोर. तुषार सिंचनाने दिलं तर आणखी एखादा एकर. जागा निवडायला मात्र तोच नकाशा कामाचा आहे. पाणी कुठल्या ओघळीने येतं ते त्यात छान दिसतं, आपल्या डोळ्याला एवढ्या पसाऱ्यात दिसत नाही. तळ मुरमाचा असेल तर प्लास्टिक अस्तर लागेल. नाहीतर पाणी खाली विहिरीला जाईल. त्यातही वाईट नाही, फक्त ते तुमच्याच विहिरीला जाईल असं धरू नका.

विहिरीतलं पाणी किती खाली आहे, याचं माप मुलं एकदाच घेऊन जातात, ते अपुरं पडतं. तुम्हीच घ्या: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. सकाळी मोटर चालू करण्याआधी, दोरीला दगड बांधून. कठड्यापासून मोजलंत तर कठड्याची उंची वजा करा, नाहीतर शेजारच्याशी ताळा जुळणार नाही. वहीवर तारीख टाका.

खड्डे पाऊस उघडल्यावर आठवडाभरात उरका. काळी एकदा वाळून भेगाळली की टिकाव बसत नाही.