‘जेवलास’मधला ‘स’

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडं कमी करून:

‘मॅडम, माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. थोरली बारावी सायन्स झाली. नीटचे मार्क सरकारी एमबीबीएसला पुरणार नाहीत. धाकटा सात वर्षांचा, मूकबधिर आहे. साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा आम्हाला कळलं, तेव्हापासून दोन्ही कानांना मशिन आहे. थोडं थोडं बोलतो. थोरलीच त्याला घेऊन बसते, त्याच्या शब्दांची वही ठेवते. आता म्हणते, अशाच मुलांचं शिक्षण घेणार आणि त्यात संशोधन करणार. पाहुणे म्हणतात, बीएएमएस कर, नावाला डॉक्टर तरी लागेल. हा कोर्स डॉक्टरकीचा का मास्तरकीचा? आपल्या भागात त्यावर पोट भरतं का? आणि पोरगी नुसत्या भावाच्या मायेनं तर बोलत नाही ना? आमचं लग्न नात्यातलं, मामाचीच मुलगी केली. त्यावरून घरात हिच्या आईलाच बोल लागतो. थोरली ते ऐकतच मोठी झाली. वहीच्या पानाचा फोटो जोडलाय.’

नमस्कार.

पत्राच्या आधी मी फोटो उघडला आणि तिथंच अडकले. पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात भाऊ काय म्हणाला, दुसऱ्यात काय म्हणायला हवं होतं, तिसऱ्यात तारीख आणि मशिन चालू की बंद. पहिली ओळ : ‘आई तू जेवली’, पुढं ‘जेवलीस’. मग ‘तू कवा आला’, पुढं ‘आलास’. मग ‘तू देतो का’, पुढं ‘देतोस’. पानभर तीच चूक, आणि तळाला पोरीनं लिहिलंय : ‘शेवटचा स खातो. साखरेतला स म्हणतो. का?’

हा ‘का’ तिनं कुठल्याही क्लासशिवाय विचारलाय. ‘स’ हा बोलण्यातला सगळ्यात बारीक आणि सगळ्यात हळू आवाजांपैकी एक. त्याची ताकद ४,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे फार उंच पट्टीत असते, आणि बऱ्याच मुलांचं ऐकणं नेमकं तिथंच जास्त गेलेलं असतं. मशिन लावलं तरी तो पट्टा पुरता भरून निघत नाही. त्यातून ‘जेवलास’मधला ‘स’ शब्दाच्या शेपटाला असतो, आपण तो घाईत अर्धा गिळतो. पण मराठीत तो काय काम करतो बघा. ‘जेवला’ म्हणजे तो कुणीतरी, ‘जेवलास’ म्हणजे समोर बसलेला तू. इंग्रजीत शब्दाच्या शेवटच्या ‘स’वर आणि कमी ऐकणाऱ्या मुलांवर बरंच काम झालेलं आहे. पण तासगावच्या घरात ताटावर बसलेल्या पोराला ‘जेवलास’मधला ‘स’ किती पोचतो, हे शोधायला मराठी घरातलंच कुणीतरी लागणार. संशोधन संशोधन म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

आता तुमचे प्रश्न. त्याआधी एका शब्दाचं बोलते, रागावू नका. तुमचा मुलगा मूक नाही. त्याचा गळा, त्याची जीभ ठणठणीत आहे. जे कानावर पडलं नाही ते तोंडात येत नाही, एवढंच. म्हणून आता ‘कर्णबधिर’ म्हणतात. घरातही तो शब्द बदला, कारण ‘मुका’ म्हटल्या पोराशी माणसं आपोआप कमी बोलायला लागतात.

कोर्सचं नाव बीएएसएलपी. ऑडिओलॉजी म्हणजे ऐकण्याचं शास्त्र, आणि जोडीला वाचा-भाषा उपचार. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी चार वर्षं. ही माणसं ऑपरेशन करत नाहीत, औषध लिहून देत नाहीत, ते कान-नाक-घसा तज्ज्ञाचं काम. ऐकणं तपासणं, बेरा आणि ओएई या ऐकण्याच्या तपासण्या करणं, मशिन बसवणं, कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशननं कानाच्या आत बसवलेलं यंत्र) झालेल्या मुलाचं मॅपिंग, म्हणजे त्या यंत्राची जुळणी करणं आणि मग वर्षानुवर्षं बोलणं शिकवणं हे यांचं. मशिन ‘बसवणं’ हा शब्द जरा फसवा आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवरनं कानस किती हलक्या हातानं फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो, ते पाहिलं असेल तर कळेल. प्रत्येक मुलाचं ऐकणं प्रत्येक पट्टीत वेगळं गेलेलं असतं, आणि मशिन त्या त्या पट्टीत लावून घ्यावं लागतं. फरक इतकाच की तंबोरा सांगतो कसा वाजतोय, दोन वर्षांचं पोर सांगत नाही.

तर डॉक्टरकी का मास्तरकी? दोन्ही थोडी थोडी. दोन्हीकडच्या मानपानाला मात्र मुकावं लागतं, हे पाहुण्यांना खरं सांगून टाका.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एका मुलानं मला हाच कोर्स विचारला होता. ‘मशिनं विकायचा धंदा आहे तो’ म्हणून मी त्याला परतवलं. मी तोवर तो धंदा दुकानाच्या काचेबाहेरूनच पाहिला होता. नंतर लाज वाटून मिरजेतल्या एका क्लिनिकात दिवसभर बसले. जतकडून एसटीनं आलेली आई, तीन वर्षांची पोरगी, समोर स्टीलची वाटी आणि रंगीत ठोकळे. आवाज आला की ठोकळा वाटीत टाकायचा, एवढाच खेळ. पोरगी ठोकळा कानाशी धरून वाट बघायची. मोठा आवाज आला की टण्ण. मग आवाज कमी कमी होत गेला आणि ती आईच्या तोंडाकडं बघायला लागली. आईला आधीच बजावलेलं होतं, मान हलवायची नाही. आई भिंतीकडं बघत बसली, डोळ्यात पाणी. वीस मिनिटांनी पोरीनं सगळे ठोकळे एकदम वाटीत ओतले. ऑडिओलॉजिस्ट बाई हसल्या, म्हणाल्या, ‘एका कानाचं झालं, दुसऱ्याचं गुरुवारी.’ जतहून परत गुरुवारी.

थोरलीला हे झेपेल का, ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. नीटच्या मार्कांवरूनही कळणार नाही. फॉर्म भरायच्या आधी तिला सांगली-मिरजेतल्या एखाद्या क्लिनिकात किंवा कर्णबधिर मुलांच्या शाळेत आठ दिवस नुसतं बसवा. भाऊ सोडून इतर पोरांत.

यातच तुमचा तिसरा प्रश्न आला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थोरली शिकून येईल आणि धाकट्याला तीच बोलतं करेल असा हिशेब घरात कुणाच्या मनात असेल, तर तो आजच मोडा. ती पास होऊन येईल तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा असेल. भाषेचं वय लहानपणाचं असतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १५० मुलांचा अभ्यास झाला, तो १९९८ साली छापून आला. ज्यांचं ऐकणं कमी आहे हे सहा महिन्यांच्या आत कळलं, त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढं होती. म्हणूनच आता जगभर सांगतात, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडं ‘ह्याच्या बापाचंबी तोंड उशिराच फुटलं होतं’ म्हणत तीन वर्षं सहज जातात. तुमचीही गेली. तो दोष मी तुम्हाला देत नाही, बाळ जन्मलं तिथंच ओएई झाली असती तर बहुधा ही वेळ आली नसती. पण धाकट्याला आज, या महिन्यात, नियमित थेरपी हवी. ती थोरलीच्या डिग्रीची वाट बघणार नाही. आणि थोरलीनं हा कोर्स घ्यायचा तर तो तिच्या स्वतःसाठी, अजून न जन्मलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पोरासाठी.

मायेनं बोलते का? बोलत असेलही. माया वहीला रकाने पाडत नाही, एवढंच माझं निरीक्षण.

घरातल्या बोलण्याचंही लिहिते, कारण ते पोरीच्या डोक्यात बसलेलं दिसतंय. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष सगळ्यात जास्त आढळतो. अशा प्रकारात बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. एकच असेल तर माणूस ठणठणीत ऐकतो, त्याला पत्ताही नसतो. दोघांकडंही असेल तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. नात्यातल्या लग्नात एकाच आजा-आजीची प्रत दोन्हीकडं उतरलेली असण्याचा संभव वाढतो, आणि सांगली-सातारा-कोल्हापूरकडं मामाची मुलगी करण्याची रीत जुनीच आहे. धाकट्याचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही, कमी दिवसांचं बाळ, जन्मानंतरची वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातला रुबेला, कारणं बरीच असतात. पण या प्रकारचं आनुवंशिक निघालंच, तर त्यात तुमचा वाटा तिच्या आईएवढाच आहे. एकदा जेवताना सगळ्यांसमोर हे मोठ्यानं सांगा. याच शाखेत पुढं काय घडतंय तेही थोरलीला वाचू दे : ओटीओएफ नावाच्या एका वेगळ्या जनुकातल्या दोषावर शांघायमध्ये सहा मुलांना जनुकोपचार दिला, पाचांचं ऐकणं सुधारलं, २०२४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. फार थोड्या मुलांना लागू पडणारी गोष्ट आहे, धाकट्यासाठी आशा लावून बसू नका.

कुठं शिकायचं? राज्याच्या सीईटी सेलकडून नीटच्या मार्कांवर आरोग्यशाखांचे जे प्रवेश होतात, त्यांत बीएएसएलपी असतो. पसंतीक्रमात खाली कुठंतरी दिसतो, म्हणून पोरं वाचतच नाहीत. मुंबईत नायर रुग्णालयाचं टोपीवाला महाविद्यालय आहे, तिथला अभ्यासक्रम १९६६ पासूनचा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ची. पुण्यात भारती विद्यापीठ आहे. आणि संशोधनच मनात असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ची, एमएस्सी आणि पीएचडीपर्यंत. मिरजेहून रेल्वेनं जाता येतं. तिथला अर्ज वेगळा भरावा लागतो, तारखा यंदाच्या माहितीपुस्तिकेतच बघा, माझ्या किंवा कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर नको. कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. एका पालकाला सहा महिन्यांच्या कसल्याशा ‘स्पीच सर्टिफिकेट’ला साठ हजार भरून माझ्याकडं रडत आलेलं मी पाहिलंय. परिषदेची नोंदणी नसेल तर ते प्रमाणपत्र चौकटीत लावायच्या कामाचं.

शिकवण्याकडं ओढा निघाला तर श्रवणदोषाच्या विशेष शिक्षणातली डीएड किंवा बीएड आहे. आणि सांकेतिक भाषा आवडली तर दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ सालचं. त्यांच्या शब्दकोशात दहा हजारांहून जास्त शब्द आहेत आणि ते दुभाषाचा डिप्लोमाही शिकवतात. ‘हातवारे शिकवले की पोरगं बोलत नाही’ असं तुम्हालाही कुणी सांगितलं असेल. मला हे पटत नाही. बहिऱ्या आईबापांची बाळं हातांनी बोबडं बोलतात, हे १९९१ साली शास्त्रज्ञांनी टिपून ठेवलंय. भाषा कुठल्या दारानं आली याची लाज धरून तिला दाराबाहेर ठेवू नये. धाकट्याला दोन्ही असू द्या.

पोट भरतं का? भरतं, पण सुरुवातीला बेताचंच. जिल्हा रुग्णालयातल्या बहिरेपणा नियंत्रण कार्यक्रमातली किंवा बालकांच्या तपासणी केंद्रातली पदं बहुतेक कंत्राटी. खाजगी दवाखाने कमिशनचं बोलतात. मशिनच्या दुकानात पगार बरा, पण महिन्याला इतकी मशिनं खपवा असं टार्गेट, आणि तिथं चांगली पोरं आतून सुकतात. चार-पाच वर्षांनी स्वतःचं क्लिनिक काढणारे टिकतात, कारण तालुक्याच्या गावी हे काम करणारं कुणी नसतं. विट्याचं, आटपाडीचं पोर आजही मिरजेलाच येतं. खाजगी बीएएमएसला घालायच्या पैशांत हे शिक्षण होऊन क्लिनिकचं पहिलं ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं तपासायचं यंत्रही येईल, असा माझा कच्चा हिशेब आहे. तुम्ही फीचे आकडे आणून पक्का करा.

फळछाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत एखाद्या शनिवारी सांगलीला या, थोरलीला घेऊन. धाकट्यालाही आणा. आणि अख्खी वही आणा, मला तिनं ‘ळ’चं काय टिपलंय ते बघायचंय.