रक्ताचं ऑडिट: सुरुवात प्रसूती वॉर्डापासून कर

रुग्णांना दिलेलं रक्त खरंच गरजेचं होतं का, हे तपासताना सगळ्या वॉर्डांच्या मागे एकदम लागू नकोस. आधी प्रसूती वॉर्ड घे. आपल्या बीडकडे ऊसतोडीहून आलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन 8-9 दिसलं की सवयीनं रक्ताची पिशवी लावली जाते. केसपेपरवर आधीचं हिमोग्लोबिन, देण्याचं कारण आणि नंतरची तपासणी लिहिलीय का, बघ. रक्तस्राव नसलेल्या स्थिर प्रौढ रुग्णाला हिमोग्लोबिन 7 च्या वर असेल तर सहसा रक्त लागत नाही. एका पिशवीनं साधारण 1 ग्रॅम वाढतं, म्हणून दुसरी लावण्याआधी तपासणी हवीच. बाळंतपणाला अवकाश असेल तर शिरेतून लोह देता आलं असतं का, तेही विचार.

चूक सापडली तर निवासी डॉक्टरांशी एकट्यात बोल. मी एकदा मीटिंगमध्ये नाव घेतलं, पुढं महिनाभर केसपेपरच मिळेनात. आणि मे महिन्याचे कागद नक्की बघ, तेव्हा रक्तदान शिबिरं आटतात आणि थॅलेसेमियाची, म्हणजे सतत रक्त द्यावं लागणारी लेकरं पिशवीची वाट बघत बसतात.