प्लाझ्मा चालतो, शेण चालत नाही?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावी झाली, पीसीबीला 74 टक्के, नीटला 438. एमबीबीएसचा नाद घरात सगळ्यांनीच सोडलाय. मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय आणि सुट्टी लागली की ती गावच्या डॉक्टरांबरोबर गोठ्यागोठ्यांतून हिंडते. वडिलांना ते रुचत नाही. त्यांनी वेगळीच वाट काढली आहे: पुण्यात बी.एस्सी. बायोटेक, मग 'प्राण्यांसाठी पीआरपी' (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे जनावराच्याच रक्तातून काढून त्यालाच टोचायचा प्लाझ्मा) अशी दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, आणि शेवटी रेसचे घोडे नि घरच्या कुत्र्यांसाठी स्वतःचं सेंटर. "काम स्वच्छ, एसीतलं. मुलीच्या जातीला शेणात हात घालायला लावणं आम्हाला पटत नाही," असं ते लिहितात. उद्या स्थळं येतील तेव्हा 'ढोरांची डॉक्टर' असं सांगायचं का, हेही त्यांनी विचारलंय.

नमस्कार.

तुमचं पत्र मोठं आहे. त्यात गुण आहेत, भांडवलाचा हिशेब आहे, स्थळं आहेत. लेकीचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय: 'तिला विचारलं तर गप्प बसते.' अहो, तिनं उत्तर केव्हाच दिलंय. मे महिन्याच्या उन्हात परक्याच्या गोठ्यात, वार अडकलेल्या गाईची मोरकी धरून उभी राहणारी पोर आणखी काय बोलणार? आणि बोलली तरी तुम्ही पुढे स्थळांचा विषय काढणार, हे तिला ठाऊक आहे. ती गप्प बसते ती त्यामुळे. तिला काय हवंय ते कळत नाही म्हणून नव्हे.

'मुलीच्या जातीला' हे शब्द मी दोनदा वाचले. तुमच्या-माझ्या गावात गोठ्यातलं शेण पहाटे उठून काढतं कोण? धारा कोण काढतं? आजारी म्हशीजवळ रात्रभर कोण बसतं? बायाच ना? हे सगळं फुकटात केलं तर कुणाची अब्रू जात नाही, पण तेच पदवी घेऊन, औषधाच्या चिठ्ठीवर स्वतःची सही करून केलं की स्थळं अडतात? ज्या घराला हे अडतं, त्या घरात तुम्हाला मुलगी द्यायचीय का, एवढंच स्वतःला विचारून पाहा.

आता पीआरपी. गैरसमज इथेच आहे. तुम्हाला वाटतंय की हा एक अभ्यासक्रम आहे, जो केला की धंदा सुरू. पीआरपी हा उपचार आहे, तोही पशुशल्यचिकित्सकाच्या हातातल्या अनेक साधनांपैकी एक. घोडा धावताना पुढच्या पायाच्या नळीमागचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दुखावतो. सोनोग्राफीत त्या टेंडनच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो, म्हणजे तिथले तंतू तुटलेत. मग त्याच घोड्याच्या गळ्याच्या शिरेतून रक्त काढायचं, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घालायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला जातात, वर पिवळा प्लाझ्मा येतो, मध्ये पांढुरकी पातळ साय धरते. तिच्या आसपासचा, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) दाटलेला भाग अलगद उचलायचा. साध्या रक्ताच्या साधारण तीन ते पाच पट प्लेटलेट्स त्यात धरल्या जातात. हे काम मुलगी दोन दिवसांत शिकेल, नाही असं नाही. खरी गोम पुढे आहे. घोड्याला गुंगीचं औषध किती द्यायचं, पाय बधिर कुठे करायचा, पडद्यावर बघत सुई नेमकी त्या काळ्या ठिपक्यात कशी न्यायची, आणि मुळात या घोड्याला याची गरज आहे की नाही. टेंडन बरा व्हायला नऊ महिने, वर्षही लागतं. त्या काळात आज किती चालवायचं, कधी दुडकी चाल द्यायची, हे सईसाला रोज सांगावं लागतं. एवढं सगळं प्रमाणपत्रात मावत नाही. कायद्यातही बसत नाही: 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. पदविकाधारकांना किरकोळ सेवांची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. बी.एस्सी. बायोटेक झालेली तुमची मुलगी सेंट्रिफ्यूज फिरवील, सुई मात्र दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. सेंटर तुमचं, भांडवल तुमचं, आणि डॉक्टर पगारी. हाच बेत आहे का?

आणि गंमत पाहा. पीआरपी काही घोड्या-कुत्र्यांपुरतं राहिलेलं नाही. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा भरवूनही गाभण न राहणाऱ्या गाईंच्या गर्भाशयात ते सोडून पाहण्याचे प्रयोग इटलीत झाले आहेत. ते सोडतात कसं? एक हात कोपराच्याही वर जाईल इतका गाईच्या गुदद्वारातून आत घालायचा, गर्भाशयाचं मुख आतून चाचपून धरायचं, आणि दुसऱ्या हाताने नळी पुढे सरकवायची. म्हणजे तुमचा स्वच्छ प्लाझ्मासुद्धा शेणातूनच जातो, साहेब.

कार्यशाळावाले न सांगणारी आणखी एक गोष्ट. पीआरपी चमत्कार नाही. नेदरलँड्सच्या उत्रेख्त विद्यापीठात घोड्यांच्या टेंडनवर प्रयोग झाला, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, निकाल चांगले आले. पण घोडे होते अवघे सहा, आणि जखम मुद्दाम केलेली. माणसांच्या गुडघेदुखीवर ऑस्ट्रेलियात 288 जणांवर चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आला, आणि वर्षभरानंतर पीआरपी घेतलेल्यांच्या नि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांच्या वेदनांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. शिवाय प्रत्येक जनावराचं रक्त वेगळं, प्रत्येक किट वेगळं; एका बाटलीतल्या प्लेटलेट्स दुसरीइतक्या असतीलच असं नाही. काही जखमांत उपयोग होतो, काहींत पैसे जातात. कुठे काय, हे ओळखणारा डॉक्टर टिकतो. उद्या याहून चांगलं काही निघालं तर तो डॉक्टर तेही वापरेल. नुसत्या पीआरपीवर उभं केलेलं सेंटर मात्र बसेल.

रस्ता तुम्हाला माहीत असेलच: नीटच्या गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज, 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. 438 ला कुठे लागेल ते गेल्या वर्षीच्या प्रवर्गनिहाय याद्यांशी ताडून पाहा. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर, अकोला, सगळी महाविद्यालयं पसंतीक्रमात टाका. 'पुण्याजवळचंच हवं' हा हट्ट नको. उदगीर काही बार्शीहून परदेश नाही.

घोडे, टेंडन, पीआरपी यांचं तिला खरंच वेड लागलं, तर पदवीनंतर पशुशल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करता येते, दोन वर्षांची. मुंबई-पुण्यात रेसकोर्स आहेत, स्टड फार्म आहेत. तिथे अशा माणसाची गरज लागते. नाहीतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. किंवा ती बार्शीलाच दवाखाना काढेल आणि तुमच्याच ओळखीचे लोक रात्री दोन वाजता गाय अडली म्हणून तुमचं दार वाजवतील. हे तिसरं काम तिन्हींत कष्टाचं आहे, बाईमाणसाला रात्री-अपरात्री जाणं सोपं नाही, हे मी झाकून ठेवत नाही. तुमची काळजी त्याबद्दल असती तर मी तुमच्या बाजूने दोन शब्द बोललो असतो. त्याला उपाय आहेत: बरोबर मदतनीस, स्वतःची गाडी, सुरुवातीला एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात उमेदवारी. पण पत्रात ती काळजी कुठेच नाही, शेणच आहे.

तेव्हा दोन कामं करा. अर्ज लेकीला स्वतः भरू द्या, पसंतीक्रमासकट. तुम्ही फक्त कागदपत्रं वेळेत गोळा करून द्या, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर आजच तहसीलला जा, कारण मुली त्यापायीच अडकतात. आणि त्या कार्यशाळेची आगाऊ रक्कम भरली असेल, तर ती परत मागा.