बाटलीतल्या पेशी आणि घरचं बियाणं

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिबची गोळी चालू आहे. रिपोर्टात 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' लिहिलंय. नांदेडला बायोटेक शिकणारी माझी मुलगी म्हणते, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींत ४६ ऐवजी सत्तरीच्या घरात गुणसूत्रं असतात. भावाचंही तसंच झालं असेल का? त्याच्या लेकरांना हे लागेल का?
— एक शेतकरी, सेलू

उत्तर : लेकरांचं आधी सांगतो. नाही लागणार. हा बदल जन्मानंतर अस्थिमज्जेतल्या एका पेशीत झालेला असतो, तो बापाकडून लेकराकडे जात नाही.

मुलगी सांगते त्या पेशी बहुतेक 'के-५६२' असाव्यात. १९७०च्या दशकात, आजार हाताबाहेर गेलेल्या एका बाईंच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. तेव्हापासून बाटली भरली की थोड्या पेशी नव्या बाटलीत, असं चाललंय. तुम्ही घरचीच ज्वारी बियाला ठेवता ना? दरसाल लवकर पिकलेली कणसंच ठेवली, तर काही वर्षांनी वाण मूळचं राहील का? बाटलीतही भराभर वाढणारी पेशी बाकीच्यांना मागे टाकते, मग तिची गुणसूत्रं कितीही विस्कटलेली असोत. एकाच नावाच्या पेशी दोन प्रयोगशाळांत वेगळ्या निघतात त्या यामुळेच. म्हणून जुना साठा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि गुणसूत्रं अधूनमधून पुन्हा मोजतात.

मोजणं सोपं नाही, बरं का. औरंगाबादला एम.एस्सी. करताना मला एका पेशीत ४७ सापडली. मी हरखलो. सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "शेजारणीचं एक इकडं सांडलंय." मोजण्यासाठी पेशीचं विभाजन मध्येच थांबवायला आम्ही कोल्चिसिन हे रसायन वापरायचो. तुमच्या बांधावरच्या कळलावीच्या कंदातही तेच असतं. जहाल विष आहे, हात लावू नका.

आता भावाचं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९६० साली हे आखूड गुणसूत्र दिसलं, तेव्हा त्याचा तुकडा गळून गेलाय असं वाटलं होतं. १९७३ साली जॅनेट राउली या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय. म्हणजे संख्या ४६च राहते. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन पेशीला सारखं 'वाढ, वाढ' सांगत राहतं, आणि गोळी त्यालाच कुलूप घालते. आजार बळावला तर रुग्णाच्या पेशींतही नवे बदल येतात, म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही आणि ठरलेली रक्ततपासणी चुकवायची नाही.

मुलीला शेजारी बसवून रिपोर्ट पुन्हा वाचा. '४६' आणि पुढे कंसात '९;२२' बहुधा सापडेल. त्याशिवाय जादा काही लिहिलेलं दिसलं, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तेवढंच विचारा.